विरजणकाकांची मंडळी

पंपाची टकटक थांबली तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेत होते. कप तसाच खाली ठेवला.

टकटक म्हणजे सोड्याच्या पंपाची. टाकीतले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्ल वाढलं की पंप आपोआप थोडा सोडा आत टाकतो. टक. पुन्हा आम्ल, पुन्हा टक. तो आवाज येतोय तोवर आतली सगळी जिवंत आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, असं समजायचं. तो माझ्या कानात इतका बसला होता की घरी भांडी घासतानाही ऐकू यायचा. आणि आता शेडमध्ये नुसती ढवळणीची घरघर.

"काकू, काटा बघा," इंजिनीअर बाई म्हणाल्या. तरुण आहेत, पण आवाज कधी चढवत नाहीत. त्या दिवशी मात्र आवाज फाटला.

पीएचचा काटा वर चढून बसला होता. आंबट टाकीत इतका वर तो कधीच जात नाही. बाईंनी नळ उघडून नमुना घेतला, त्यात कागद बुडवला. कागद गर्द निळा झाला.

"सोडा गेलाय आत. बदाबदा गेलाय. ह्यात काही जगत नाही."

"पण पंप तर बंद आहे," फिटर म्हणाला.

"मग दुसरीकडून गेलाय. कोणीतरी सोडलाय, नाहीतर..."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, ह्या पोरीच्या तोंडाला दारच नाही.

"ह्यांना विचारा," मी म्हणाले. "दुपारी हेच आले होते. चाळणीपाशी उभे होते, पाइपला हात लावून."

हे म्हणजे माझे मिस्टर. ते नेमके तेव्हाच दारात येऊन उभे राहिले होते. त्यांची खोली भिंतीपलीकडेच, टकटक थांबलेली त्यांनाही ऐकू आली असणार. माझं वाक्य त्यांनी पुरतं ऐकलं. फिटर जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे.

ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टाकीकडे बघत म्हणाले, "नवीन विरजण लागेल तुम्हाला. परवा संध्याकाळी देतो. बाटल्या धुवूनच ठेवल्यात." आणि गेले.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी नुसती कजाग बायको वाटेन. कजाग मी आहेच, पण बिनकारणी नाही.

आमच्या ह्यांचं खरं नाव कारखान्यात कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. सगळे विरजणकाका म्हणतात, आणि त्यांच्यामुळे मी काकू. घरी दह्याला विरजण लावतात, तसंच आमच्या आम्लाच्या टाकीलाही लावावं लागतं. एका छोट्या नळीत जिवाणू जपून ठेवायचे. तिथून चंबूत, चंबूतून बाटलीत, बाटलीतून टाकीत. वाटेत बाहेरचा एक जंतू शिरला तर सगळं नासतं. हे काम ह्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलं. चंबूच्या पोटाला मनगटाची आतली बाजू लावायचे, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तशी, आणि सांगायचे, "मंडळी आज सुस्त आहेत," नाहीतर "मंडळी जोरात आहेत." जिवाणूंना ते मंडळी म्हणतात. आमची मुलगी लहानपणी तापली की मी थर्मामीटर शोधेपर्यंत हे मनगट लावून मोकळे. ती चिडायची, बाबा, मी काय बाटली आहे का? आता ती लांब तिच्या घरी आहे, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, बाबांची मंडळी कशी आहेत?

जुन्या पद्धतीत एक मोठी खोट होती. जिवाणू आम्ल करतात, आणि त्याच आम्लात बुडून मरतात. म्हणजे टाकी आंबट झाली की काम थांबलं. मग सगळं उपसायचं, आम्ल गाळून घ्यायचं, जिवाणू गटारात, टाकी धुवायची आणि पुन्हा नव्याने विरजण. दर खेपेला नवं विरजण, म्हणजे दर खेपेला काका. दुसऱ्या कारखान्यांचं आम्ल स्वस्त पडायला लागलं आणि आमची पिंपं गोदामात साचत गेली.

तेव्हा ही चाळणी आली. बाई तिला मेम्ब्रेन म्हणतात, मी चाळणीच म्हणते. एका लांब नळकांड्यात पांढऱ्या, पोकळ दोऱ्यांचा जुडगा, शेवयांसारख्या बारीक दोऱ्या. त्यांना इतकी बारीक भोकं की आंबट पाणी बाहेर येतं आणि जिवाणू आतच राहतात. टाकीतलं पाणी तिच्यातून सारखं फिरवायचं. आम्ल बाहेर, मंडळी परत टाकीत. आंबटच साचत नाही तर मरतील कशाला? उलट दाट होत जातात, आणि दाट झाली की कामही दणदणीत करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच म्हणाले होते, वा, हे आधी का नाही सुचलं कोणाला.

मग साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. म्हणाले, "महिनाभर ही टाकी न थांबता चालवून दाखवा. चालली तर कारखाना चालेल. नाही चालली तर कुलूप."

मागून कोणीतरी विचारलं, "आणि विरजणाची खोली?"

"ती मग कशाला लागेल?" साहेब बोलून गेले, आणि लगेच फोन काढून त्यात बघायला लागले. वर्षातून कधीतरी लागलंच तर मोठ्या ऑफिसातून गोठवलेली नळी येईल, असं बाईंनी नंतर हळू आवाजात सांगितलं. काकांना पॅकिंगला घेऊ, असंही.

इकडे आड तिकडे विहीर. चाळणी फसली तर सगळेच घरी, मीपण आणि हेपण. चाळणी चालली तर एकटे हे. आणि चाळणीवर नेमलं कोणाला? मला. धुलाईत माझा हात बसलेला, म्हणून. नवऱ्याची खोली बंद करायला बायकोचेच हात.

घरी आम्ही समोरासमोर जेवायला बसायचो.

"चाळणी कशी आहे?"

"चालतेय."

"हं."

एकदा म्हणाले, "पॅकिंगला पोती उचलावी लागतात. ती पाठ कुठून आणू मी?" दुसऱ्या दिवशी पोळी तोडता तोडता म्हणाले, "बंद पडली तर सुटलो एकदाचे." मी म्हटलं, "आणि खाणार काय?" पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. म्हणून टाकी मेली तेव्हा दुसरं काही मनात आलंच नाही.

त्या रात्री मी ताट वाढलं, हे जेवले, ताट धुवून ठेवलं. रोज माझंही धुतात, त्या दिवशीही धुतलं.

सकाळी मी शेडमध्ये मेलेली टाकी धुवायला घेतली. चाळणीच्या दोऱ्या तुंबू नयेत म्हणून मधूनमधून त्यांच्यात उलट्या बाजूने पाणी मारलं जातं, मशीन आपणहून मारतं. ते पाणी शेजारच्या एका पिंपात असतं. चाळणी धुवायची म्हणजे कडक कॉस्टिक, म्हणजे जहाल सोडाच, फिरवायचं, पिंपातही कॉस्टिक भरायचं, आणि शेवटी दोन्ही स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचं. पिंप रिकामं करायला मी नळ उघडला आणि पाणी बोटांवर आलं. हातमोजा घालायला विसरले होते, तेच बरं झालं म्हणायचं. बोटं एकमेकांवरून सरकली. साबण लागल्यासारखी, बुळबुळीत.

पिंपात पाणी नव्हतं. कॉस्टिक होतं.

आदल्या दिवशी चाळणी धुतल्यावर मी पुढच्या तोंडाशी कागद लावला होता. रंग बदलला नाही, म्हणजे स्वच्छ. पिंप खळबळायचं राहूनच गेलं. मग टाकी जोडली, आणि मशीनने आपलं काम इमानेइतबारे केलं. उलटं पाणी मारायची वेळ झाली तसं पिंपातलं कॉस्टिक मंडळींच्या अंगावर मारत राहिलं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही चारचौघांत.

बाईंना सांगितलं. त्या उलट्या बादलीवर मटकन बसल्या. त्यांचीही नोकरी ह्याच चाळणीला टांगलेली होती, एवढी शिकलेली पोर, पण चेहरा पार उतरला. "मीही बघायला हवं होतं, काकू," म्हणाल्या. मी फिटरकडे गेले, पॅकिंगमध्ये गेले, गेटवर गेले. कालपासून जिथे जिथे कुजबुज पोचली असेल तिथे तिथे जाऊन सांगितलं, चूक माझी होती, काकांनी काही केलेलं नाही. शेवटी ह्यांच्या खोलीच्या काचेपाशी गेले. आत दिव्याची ज्योत लावून चंबूचं तोंड तापवत होते. अशा वेळी त्यांना हाक मारायची नसते. बाहेर उभी राहून नुसती पाठ बघितली. कोट खांद्यावर सैल झाला होता.

घरी गेल्यावर मी म्हणाले, "अहो, पिंप होतं. मी धुवायचं विसरले."

"कळलं. फिटर बोलला."

"मग बोला की काहीतरी. शिव्या तरी द्या."

बुटाची नाडी सोडत होते, ती सोडायचे थांबले. "हात लावला होता मी," म्हणाले.

"कशाला?"

"व्हॉल्व्हला. दुपारी. तू तिकडे होतीस. म्हटलं, थोडा फिरवला की संपलं. कोणाला कळणारपण नाही."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग पाइपला मनगट लागलं," ते म्हणाले. "कोमट होता गं. मंडळी आत फिरत होती. मग नाही जमलं."

मला रडू फुटलं. नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला बसले, घासलेलीच. माणसाचं पोट त्या व्हॉल्व्हवर होतं आणि त्याला दया कोणाची आली, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची. ह्याला शहाणपण म्हणायचं की खुळेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोलल्याप्रमाणे संध्याकाळी विरजण आलं. हे स्वतः बाटली घेऊन आले, छातीशी धरून. मी टाकीला नळी जोडली, बाटली रिकामी झाली. मग आम्ही सगळे उभे राहिलो. बाई, फिटर, मी, हे. बऱ्याच वेळाने पंप बोलला. टक.

"लागलं," हे म्हणाले. रिकामी बाटली उचलली आणि आपल्या खोलीत जाऊन धुवायला लागले.

पिंप मी त्यानंतर दरवेळी चार-चारदा खळबळलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलेला महिना पार पडला. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवला, ह्यांच्याशीही. पुढच्याच आठवड्यात विरजणाची खोली मोकळी झाली. टेबल गेलं, दिवा गेला. फ्रिज उचलायला माणसं आली तेव्हा ह्यांनी विचारलं, "आतल्या नळ्यांचं काय?" माणसं म्हणाली, "आम्हाला फ्रिज न्यायला सांगितलंय." नळ्या तशाच फ्रिजबरोबर गेल्या. मी म्हटलं होतं, एखादी घरी आणून ठेवा. म्हणाले, "कारखान्याचं आहे ते. आणि घरच्या फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवू मंडळींना?"

पॅकिंगमध्ये थोडे दिवस काढले. मग पाठीने असहकार पुकारला. एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना, तेव्हा साहेबांनी निरोप पाठवला, काकांना म्हणावं आता आराम करा. फार गोड शब्दांत पाठवला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे आपल्याच जागी होते, ह्यांनाच तेवढं बाहेर काढलं होतं.

पाठ सुधारली, माणूस नाही सुधारला. दाढी करेनात. दुपारभर खुर्चीत बसून राहायचे. चहाचं भांडं उतरवून ठेवलं की त्याला मनगट लावून बघायचे आणि हात मागे घ्यायचे. मुलीने बोलावलं, गेले नाहीत. मी रागावले, गोंजारलं, शेजाऱ्यांच्या गप्पांत नेऊन बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवसातून एकदाच डोळ्यांत जीव यायचा, मी कामावरून आले की. चप्पल काढायच्या आत विचारायचे,

"मंडळी आहेत ना?"

"आहेत."

"जोरात?"

"जोरात."

मग माझा हात घेऊन हुंगायचे. आंबट, थोडासा उबट वास हाताला चिकटलेला असायचा, कितीही धुवा, जात नाही. तो वास मिळाला की जेवायला उठायचे. कारण टाकीत अजून तेच विरजण होतं, त्यांनी छातीशी धरून आणलेलं. चाळणी कोणाला बाहेर जाऊच देत नव्हती. त्याच मंडळींच्या पोरांची पोरं आत फिरत होती.

एकदा जेवताना म्हणाले, "मी गेलो तरी ती चालतील, नाही का?"

"तोंड सांभाळा," मी ओरडले. "परत असलं बोललात तर बघा."

"अगं, चांगलंच म्हणतोय मी," म्हणाले, आणि भात कालवत राहिले.

त्यानंतर मला झोप लागेना. ह्या माणसाचा दोर त्या टाकीला बांधलेला आहे, हे मला कळून चुकलं. कामावर गेले की आधी टकटक ऐकायची, मगच डबा ठेवायचा.

आणि मग एके सकाळी टकटक मंदावली. थांबली नाही, पण दम लागल्यासारखी झाली. बाईंनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ डोळा काढला नाही.

"काकू, परका जंतू शिरलाय. कधी शिरला कोण जाणे. चाळणीने त्यालाही आत धरून ठेवला."

चाळणीला आपलं-परकं कळत नाही. जो आत येईल त्याला सांभाळते.

"काढता येणार नाही त्याला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"टाकी रिकामी करायला लागेल. सगळी. वाफेने धुवून मोठ्या ऑफिसची नळी लावू. मागवलीय." मग म्हणाल्या, "काकांची जुनी नळी कुठे असेल का हो?"

"ती फ्रिजबरोबर गेली, बाई."

त्यांना सगळं माहीत होतं, रोज मला कोण काय विचारतं तेही. म्हणाल्या, "तुम्ही थांबा, मी व्हॉल्व्ह सोडते." मी म्हटलं, "नको. माझं काम आहे."

खालचा व्हॉल्व्ह मीच फिरवला. दाट, दुधाळ पाणी पाइपातून घळाघळा गटाराकडे निघालं. मी कोणी बघत नाही असं पाहून पाइपला मनगट लावलं, आतल्या बाजूने, ते लावतात तसं. कोमट होता. टाकी रिकामी होईस्तोवर तसाच हात धरून उभी होते. शेवटी पाइप गार झाला. मग वाफ सोडली. दिवसभर वाफ आणि गरम पाणी, गरम पाणी आणि वाफ. नवी नळी दुपारी आली, छोटीशी, बर्फात गुंडाळलेली. बाईंनीच ती लावली. मी तिकडे गेले नाही.

घरी येताना पाय उचलत नव्हते. वाटेत ठरवत होते, सांगायचं, नाही सांगायचं. दार उघडलं तर हे खुर्चीत सरसावून बसलेले.

"मंडळी आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं.

ह्यांनी माझा हात घेतला. नाकापाशी नेला. दिवसभर वाफेत आणि गरम पाण्यात भिजलेला हात तो, सुरकुतलेला, धुतल्या कपड्यासारखा. त्याला कसलाच वास नव्हता. ह्यांनी तो जरा जास्त वेळ धरला. मग सावकाश माझ्या मांडीवर नेऊन ठेवला.

"दमलीस," म्हणाले. जेवायला मात्र उठले. मुकाट्याने दोन घास खाल्ले, माझं ताटही धुवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ह्यांनी दाढी केलेली होती. गालावर एका ठिकाणी कापलं होतं. खुर्चीत बसून दाराकडेच बघत होते, पण विचारलं नाही. मी एक चप्पल काढली, दुसरी काढली, वाट बघितली. नाहीच विचारलं.

"आहेत," मीच म्हटलं. "जोरात आहेत."

ह्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.